आधी पार्किंग दाखवा, मग गाडीचं बघू

वाचकांचे प्रश्न : वाहन

मागच्या अंकात संपादकांनी "इलेक्ट्रिक गाडीबद्दल जे विचारायचं ते विचारा" अशी चौकट छापली आणि आलेली पत्रं माझ्याकडं धाडून दिली. निम्म्या पत्रांत एकच ओळ आहे : घेऊ की नको? त्यांना माझा उलटा प्रश्न असा : रात्री तुमची गाडी कुठं उभी असते, आणि तिथं वीज कुणाच्या मीटरची आहे? याचं उत्तर ज्याच्याकडं नाही त्यानं शोरूमची पायरी तूर्त चढू नये.

मला ओळखत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझं गॅरेज साताऱ्यात आहे, मूळ काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. डायनामो, स्टार्टर, वायरिंग करत करत इथवर आलो. घरात एक जुनी बोलेरो आहे आणि एक विजेची गाडी. कुठल्या कंपनीची एजन्सी नाही, त्यामुळं गाडी विकायची घाई मला नाही. माझं पोट पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर चालतं हेही लक्षात ठेवा आणि माझं बोलणं त्या हिशेबानं तोलून घ्या.

प्रश्न : दादा, माझं रोजचं जाणं-येणं वाकड ते चाकण. महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. सोसायटीची कमिटी पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट द्यायला तयार नाही, आग लागेल म्हणतात. कंपनीच्या वाटेवर फास्ट चार्जर आहे. फक्त त्याच्यावर भागेल का? (वाकड, पुणे)

भागेल, पण मग फायदा कुठं राहतो ते बघा. पेट्रोल शंभराच्या वर आहे. त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी लिटरला तेरा-चौदा देत असेल, म्हणजे महिन्याला अकरा-बारा हजार गेले. विजेची मध्यम गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर धरा, चार्जिंगमधली गळती त्यातच आली. तुम्हाला लागणार साधारण २३० युनिटं. घरच्या मीटरवर ही तीन-साडेतीन हजारांत बसतात. हीच युनिटं रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर घेतलीत तर दर वीसच्या आसपास किंवा वर, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले साडेपाच-सहा हजार. आणि सीएनजीची गाडी? किलोला नव्वदच्या घरातला भाव धरला तरी तीही सहा हजारांच्या आसपास येते, आणि गाडी मुळात स्वस्त. म्हणून घरी चार्जिंग नसलेल्या माणसाला मी सरळ सीएनजी घ्यायला सांगतो. त्यात कमीपणा काही नाही.

पण तुम्ही कमिटीपुढं इतक्यात हात टेकू नका. रोजचे साठ किलोमीटर म्हणजे विजेच्या गाडीला अगदी मानवणारं काम.

आगीची भीती निराधार नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. माझ्या टेबलाच्या खणात एक सॉकेट ठेवलाय, येणाऱ्याला दाखवायला. पांढरं प्लास्टिक एका भोकापाशी तपकिरी झालंय, आतली पितळी पत्ती काळी पडून सैल झालीय आणि वायरचं इन्शुलेशन बोटभर वितळलंय. हे गाडीनं केलं नाही. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, तेवढे गीझरही ओढतो. पण गीझर वीस मिनिटांत बंद होतो आणि गाडी रात्रभर, सलग आठ-आठ तास ओढत राहते. बिल्डरनं पार्किंगमध्ये धुण्याच्या मोटारीसाठी बसवलेला पॉइंट, त्यात बारीक वायर, पुढं एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर कुणीतरी गुंडाळलेली चिकटपट्टी : जळतं ते हे. कमिटीला सांगा, "मी एक्स्टेंशन लावणार नाही. माझ्या स्वतःच्या मीटरपासून वेगळी केबल आणतो." ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जर) असेल तर ३२ अँपिअर धरून तांब्याची किमान ६ स्क्वेअर एमएमची केबल, लांबी जास्त असेल तर १०ची. वर लोखंडी कवच किंवा कंड्युट, मीटर रूममध्ये स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच). काम परवानाधारक वायरमनकडून, आणि त्याच्या टेस्ट रिपोर्टची एक प्रत सोसायटीच्या फायलीला. एवढा कागद पुढं ठेवला की निम्मे आक्षेप गळतात. शिवाय केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की वाहन चार्ज करायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. हेही चिठ्ठीत लिहा. सेक्रेटरीला कायद्याचं वाक्य दिसलं की बरं वाटतं.

कमिटीचा एकच आक्षेप मला पटतो, आणि तो सहसा कुणी मांडत नाही. आज तुम्ही आहात, उद्या चाळीस जण मागतील, तेव्हा इमारतीचा ट्रान्सफॉर्मर पुरेल का? त्यावर उत्तर म्हणजे सर्वसाधारण सभेत विषय घेऊन सगळ्यांसाठी एकच पॅनेल, प्रत्येकाचा सबमीटर, आणि लोड वाटून देणारी यंत्रणा. पहिल्या माणसानं भांडून केबल ओढली आणि दुसऱ्याला जागाच उरली नाही, असं होऊ देऊ नका. उपनिबंधकांकडं तक्रार हा मार्ग आहेच. पण ज्यांच्याबरोबर गणपतीची वर्गणी काढायची त्यांच्याविरुद्ध तो शेवटी वापरावा.

आणखी एक. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांचे टप्पे आहेत. तुमचं घर आज दोनशे युनिटं खात असेल तर गाडी आल्यावर तुम्ही चारशेच्या पुढं जाणार, आणि तीनशेच्या वरच्या प्रत्येक युनिटाला महाग दर लागणार. वाहन चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे. तिचं स्वतंत्र मीटर घेतलं तर काय पडतं हे दोन्ही दर समोर ठेवून बघा. सेल्समन हा हिशेब सांगत नाही. त्याच्या कागदावर वीज कायम सात-आठ रुपये युनिट असते.

प्रश्न : आमच्या गाडीची रेंज कंपनीनं सव्वातीनशे सांगितली. प्रत्यक्षात दोनशे-सव्वादोनशे मिळते. गौरी-गणपतीला पुण्याहून गुहागरला सासरी जायचंय, पाच माणसं आणि सामान. नवरा म्हणतो भाड्यानं गाडी करू. (सिंहगड रस्ता, पुणे)

ताई, तुमची फसवणूक झालेली नाही. रेंजचा आकडा चाचणीतला असतो. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, तिथं अशा चाचण्या होतात. ठरावीक वेगानं, ठरावीक पद्धतीनं गाडी रोलरवर पळवतात. त्यात खंबाटकी नाही, पूर्ण एसी नाही आणि डिकीत नारळाचं पोतंही नाही. सांगितलेल्या आकड्यातून पाव ते एक तृतीयांश वजा करायची सवय लावा. तेवढीच तुमची गाडी देतेय.

गुहागर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. उंब्रज-पाटण-कुंभार्लीमार्गे जा. घरून शंभर टक्के करून निघा. सातारा ते कराडच्या पट्ट्यात हायवेला चार्जर बऱ्यापैकी आहेत, तिथं जेवण उरका आणि ऐंशी-नव्वदपर्यंत भरा. पाटण सोडलं की चार्जरच्या भरवशावर राहू नका. कोयनानगरनंतर कुंभार्लीचा उतार लागतो, तिथं गाडी वीज खाण्याऐवजी परत भरते. चिपळूणला उतरल्यावर मीटर बघून नवऱ्याचं तोंड बघा.

खरी परीक्षा येताना. भरलेली गाडी अठराशे किलोची धरली तर चिपळूणच्या पातळीवरून सहाशे मीटरच्या वर चढायलाच तीन-साडेतीन युनिटं जातात, म्हणजे सपाटीवरचे वीस-बावीस किलोमीटर. तेवढे आधीच खिशातून गेले असं धरून चिपळूण सोडा.

सणाचं आणखी एक वेगळंच दुखणं असतं. हायवेवरचा साठ किलोवॉटचा चार्जर दोन गनांचा, म्हणजे गाडीत खोचायच्या दोन प्लगांचा असेल तर दोन्ही गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी प्रत्येकीला तीसच मिळतात. त्यात कुणीतरी ९७ टक्क्यांवर गाडी ठेवून मिसळ खात बसलेला असतो. ऐंशीच्या पुढं चार्जिंग मुद्दाम मंदावतं, बॅटरीच्या भल्यासाठी. त्या शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ पहिल्या साठाइतका वेळ लागू शकतो. मागं रांग असताना तिथं बसणं हा अडाणीपणा आहे, असं मी तोंडावर सांगतो. तुम्ही सणाच्या आदल्या दिवशी पहाटे निघा, म्हणजे कराडच्या आत तुमचं काम झालेलं असेल. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच टाकून पैसे भरून ठेवा. घाटात नेट मिळत नाही. आणि चार्जरवर पोचायच्या आधी तिथल्या पंपाला फोन करा. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात झाकून ठेवलेला असणं आपल्याकडं नवीन नाही.

सासरच्या घरी पंधरा अँपिअरचा पॉइंट असेल तर रात्रभरात काम होईल. पण त्याआधी पुढचं पत्र वाचा, ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

प्रश्न : गाव कोरेगाव तालुक्यात, घर वस्तीवर. विजेची गाडी घेतली. घरी प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा येतो. साताऱ्यात शोरूममध्ये नेली की व्यवस्थित चार्ज होते. शोरूमवाले म्हणतात तुमच्या लाइटीत दोष. वायरमन म्हणतो गाडीत दोष. शेतीपंपाची थ्री फेज लाइन शेजारून गेलीय, तिथून घेता येईल का?

वायरमनला चहा पाजा आणि परत पाठवा. दोष अर्थिंगचा आहे, मी इथं बसून सांगतो.

मिक्सर, फॅन, टीव्ही यांना अर्थिंग असो-नसो, ते चालतात. त्यामुळं आपल्याकडं निम्म्या घरांत तिसरी वायर नुसती शोभेला असते. सॉकेटच्या मागं उघडून बघा, हिरवी वायर दोन बोटं कापून तशीच सोडलेली असेल. कुठं कुठं तर ती न्यूट्रलला जोडून ठेवतात, ते त्याहून वाईट. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जास्त व्होल्ट दिसले की तो चालूच होत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. ती दीड टनाची पत्र्याची वस्तू तुमच्या अंगणात ओल्या जमिनीवर उभी असते आणि पोरं तिला टेकून खेळतात.

घरामागं ओल राहील अशी जागा निवडा, न्हाणीचं पाणी जातं तिथली उत्तम. सात-आठ फूट खड्डा, त्यात अर्थिंगचा पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. हल्ली तयार पावडरीच्या पिशव्या मिळतात, त्याही चालतात. तिथून जाड तांब्याची वायर थेट गाडीच्या सॉकेटपर्यंत, मधे जोड नको. काम झाल्यावर वायरमनला मल्टिमीटरनं न्यूट्रल-अर्थ मोजायला लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. उन्हाळ्यात जमीन सुकली की आकडा परत वाढतो, तेव्हा खड्ड्यात घागरभर पाणी ओता. खडकाळ किंवा जांभ्याच्या जमिनीत एका खड्ड्यानं भागत नाही, दोन करून जोडावे लागतात. गुहागरच्या ताई, हे तुमच्या सासऱ्यांना वाचून दाखवा.

शेतीपंपाच्या लाइनचा नाद करू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली बिल येतं, आणि ते बघून गाडी विकावीशी वाटते. कायदा बाजूला ठेवला तरी त्या लाइनवर रात्री व्होल्टेज कुठं जातं हे तुमच्या जळालेल्या मोटारींना विचारा.

तुमच्या गाडीत बाहेर वीज काढायची सोय असेल (काही मॉडेलांत येते, ॲडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो) तर मात्र मजा आहे. लाइट गेली की घरातले दिवे, पंखा, टीव्ही, अगदी मिक्सरसुद्धा गाडीवर चालवता येतो. आमच्या घरी पाव्हणे आले की हाच खेळ दाखवावा लागतो.

प्रश्न : सांगलीत नदीकाठच्या भागात राहतो. २०१९ आणि २०२१ दोन्ही पूर पाहिलेत. पाण्यात विजेची गाडी म्हणजे शॉक बसेल का? पावसात चार्ज केली तर चालेल का?

पावसात चार्जिंगला हरकत नाही. गन आणि गाडीचं तोंड त्याच हिशेबानं बनवलेलं असतं. भिंतीवरचा सॉकेट आणि चार्जरची पेटी मात्र छपराखालीच हवी. पाणी तिथून शिरतं.

पुराचं वेगळं. बॅटरीच्या पेटीला बहुतेक गाड्यांत आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून आत पाणी जात नाही एवढं तपासलेलं असतं. कृष्णेचा पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तुम्ही ४०ची वाट न बघता गाडी मिरजेकडं उंचावर नेऊन लावा. पेट्रोलच्या गाडीपेक्षा इथं एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते : पाणी चढायला लागलं की महावितरण सुरक्षेसाठी भागाची वीज बंद करतं, मग चार्ज करू म्हटलं तरी होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच रात्री गाडी भरून ठेवा.

तरीही बुडाली, तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. नंबर प्लेटसकट फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि फ्लॅटबेडवरून, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवणाऱ्या ट्रकवरून, सर्व्हिस सेंटरला न्या. वरून कोरडी दिसली म्हणून घरी आणून लावू नका, आत शिरलेलं पाणी उशिरा काम दाखवतं. विम्यात बॅटरी आणि चार्जरचं वेगळं कलम मिळतं, तुमच्या गावात ते घेतलंच पाहिजे. थर्ड पार्टीच्या हप्त्यात विजेच्या गाडीला १५ टक्के सूट असते, ती पॉलिसीत लागली आहे का तेही बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वाई. २०१७ची वॅगन आर आहे, उत्तम चालते. महिन्याला चारशे किलोमीटर. मुलगा म्हणतो बाबा, पेट्रोलचे पैसे वाचवा, इलेक्ट्रिक घ्या.

सर, मुलाला नमस्कार सांगा आणि गाडी ठेवा. तुमचं पेट्रोल महिन्याला सव्वीसशेचं. विजेवर गेलात तर सात-आठशे लागतील. वर्षाला बावीस हजार वाचले. जुनी गाडी देऊन वर सहा लाख घालावे लागले, तर त्या सहा लाखांचं बँकेतलं व्याजच यापेक्षा जास्त आहे. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या आत ज्यांचं रनिंग आहे, त्यांनी पैसे वाचवायचे म्हणून विजेची गाडी घेऊ नये. आवाज नाही, गिअर नाही, क्लच दाबून गुडघा दुखत नाही म्हणून घ्यायची असेल तर ती वेगळी गोष्ट. गुडघ्याचा हिशेब मला मांडता येत नाही.

प्रश्न : सरकारी अनुदान किती मिळतं? (बरेच वाचक)

खासगी मोटारीला केंद्राचं थेट अनुदान नाही. केंद्राच्या आधीच्या 'फेम-२' अनुदान योजनेतही खासगी कारला नव्हतं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं प्राप्तिकराचं ८०ईईबी कलम ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं, तरी काही शोरूमवाले अजून ते सांगतात. खरी सवलत दोन ठिकाणी आहे. जीएसटी ५ टक्के, आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के टॅक्स पडतो, म्हणजे बारा लाखांच्या गाडीवर दीडेक लाख. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं पेट्रोल गाडी स्वस्त होऊन दोघींच्या किमतीतलं अंतर पुन्हा वाढलंय. जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका.

टोलचं : राज्याच्या २०२५च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी यांवर माफी आहे. आमच्या आनेवाडीला आणि तासवड्याला नाही, तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवी पाटी दाखवून तिथल्या पोरांशी वाद घालू नका.

प्रश्न : नागपूरला मे महिन्यात ४५-४६ अंश असतं. बॅटरी किती वर्षं टिकेल?

हमी बहुतेक कंपन्यांची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते, तीही शून्य झिजेची नव्हे. क्षमता एका मर्यादेखाली गेली तरच बदलून देतात. ती मर्यादा पुस्तिकेत वाचा, जाहिरातीत नाही.

तुमच्या हवेला एलएफपी जातीची बॅटरी बरी. उष्णता जरा जास्त सोसते आणि शंभर टक्के भरायला घाबरावं लागत नाही, उलट अधूनमधून पूर्ण भरलीच पाहिजे म्हणजे मीटर खरं सांगतं. दुसरी एनएमसी, ती रोज ऐंशीवर थांबवावी. आपली कुठली आहे हे मालकाला माहीतच नसतं. विचारून घ्या. भर दुपारी समृद्धीवरून १२०नं आलात आणि लगेच फास्ट चार्जरला लावलीत, तर चार्जिंग रेंगाळेल. बॅटरी आधीच तापलेली असते, गाडी स्वतःच वेग कमी करते. चार्जरवाल्याशी भांडू नका, अर्धा तास सावलीत काढा. मुळात १२०नं येऊच नका. ९० आणि १२० यांच्यात रेंजला जो खड्डा पडतो तो एसीनं पडत नाही.

प्रश्न : वीज तर कोळशाचीच. मग प्रदूषण कमी कसं?

रास्त प्रश्न. देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते. लक्ष्मी रोडवरचा धूर चंद्रपूरला जातो, हे खरंच आहे, आणि चंद्रपूरकरांनी त्यावर चिडायला हवं. तरीही आजच्या विजेवरसुद्धा किलोमीटरमागं कार्बन पेट्रोलपेक्षा थोडा कमीच पडतो. पण बॅटरी बनवताना जो कार्बन आधीच गेला तो फिटायला गाडी भरपूर पळावी लागते. वाईच्या सरांसारखं चारशे किलोमीटर पळणाऱ्यानं पर्यावरणाचं नाव घेऊ नये.

छपरावर सौर पॅनेल असतील तर चित्र बदलतं. तीन किलोवॉटला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळतं, आणि दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज होते. सत्तर-ऐंशी किलोमीटर झाले की.

प्रश्न : माझं कराडला छोटं गॅरेज आहे, दोन पोरं हाताखाली. सगळ्या गाड्या विजेच्या झाल्या तर आम्ही काय करायचं?

भावा, हे पत्र मी दोनदा वाचलं. ऑइल, फिल्टर, प्लग, क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर : हे जाणार. ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकतात, कारण गाडी मोटारीनंच आवळली जाते. पण वजन जास्त असल्यानं टायर लवकर झिजतात, बुश आणि लिंक रॉड आपल्या रस्त्यांवर लवकर बोलायला लागतात. एसी आहे, अलाइनमेंट आहे, डेंटिंग-पेंटिंग आहे. आणि सगळ्यात जास्त येणारं गिऱ्हाईक म्हणजे "गाडी चालूच होत नाही". मोठी बॅटरी भरलेली, पण बारा व्होल्टची साधी बॅटरी मेलेली. तिच्याशिवाय कुलूपसुद्धा उघडत नाही. तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागते हे मालकांना माहीत नसतं.

मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलला मात्र हात लावायचा नाही. पोरांना तर अजिबात लावू द्यायचा नाही. तिथं तीनशे व्होल्टच्या वर डीसी आहे, तो सोडत नाही. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांचे अभ्यासक्रम सुरू झालेत, दोघांतल्या हुशार पोराला पाठव. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि इन्शुलेटेड पाने ही पहिली खरेदी, स्कॅनर त्यानंतर. डिझेल गाड्या आपल्या भागात अजून बरीच वर्षं आहेत. घाई नाही, पण पोराला आत्ताच पाठव.

प्रश्न : सेकंड हँड विजेची गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का? (इस्लामपूर)

किलोमीटरचा आकडा बघू नका, बॅटरीची तब्येत बघा. सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून 'एसओएच'चा (बॅटरीची क्षमता किती टक्के उरली त्याचा) कागद मागा. मालक नको म्हणाला तर उठून या. हमी दुसऱ्या मालकाच्या नावावर किती वर्षं चालते हे कंपनीकडून लेखी घ्या. काही योजनांत ती पहिल्या मालकापुरतीच असते. सरकारी ताफ्यातून निवृत्त झालेल्या सुरुवातीच्या सेडान गाड्या फार स्वस्तात फिरतात, त्यांची रेंज नवी असतानाच शे-सव्वाशेची होती.

प्रश्न : वाटेत चार्ज संपून बंद पडली तर दोरी बांधून ओढता येईल का?

नाही. मोटारीला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटार जनरेटरसारखी वीज करायला लागते आणि कंट्रोलर जळतो. फ्लॅटबेडच मागवा. कंपनीच्या मदतीचा नंबर आत्ताच फोनमध्ये टाका आणि विचारून ठेवा की तुमच्या भागात फ्लॅटबेड कुठून येते. साताऱ्याच्या पश्चिमेला घाटात असाल तर ती यायला दोन-तीन तास लागतात.

पुढच्या अंकात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या बॅटऱ्यांबद्दलची पत्रं घेतो. पाठवताना मॉडेल आणि साल लिहा.